मालिकांमधल्या बायका मोजून झाल्या, पण खुपतंय ते आकड्यांत येत नाही. मोजायचं काय?

महिला_कक्ष_दादर यांचा प्रश्न

आमच्या महाविद्यालयाच्या महिला विकास कक्षातर्फे आम्ही बाराजण मराठी वाहिन्यांवरच्या संध्याकाळी साडेसहा ते साडेदहा या वेळातल्या मालिका आणि मधल्या जाहिराती यांचं निरीक्षण करणार आहोत. सत्राच्या शेवटी अहवाल द्यायचा आहे आणि त्यातून काही तक्रारी निघाल्या तर त्या योग्य जागी पाठवायच्या आहेत.

चाचणी म्हणून तीन मालिकांचे सहा भाग पाहिले. पडद्यावर बायका किती, पुरुष किती, हे मोजलं आणि बेकडेल कसोटीही लावली. निघालं काय, तर बायका पुरुषांपेक्षा जास्त आणि कसोटीत जवळजवळ सगळे भाग पास! हे आकडे छापले तर वाचणारा म्हणेल, मग तक्रार कसली? पण भाग बघताना अंगावर काटा येईल अशी दृश्यं आम्हा सगळ्यांना दिसली आहेत.

तर विचारायचं असं, की तक्त्यात नेमके कुठले रकाने ठेवावेत? किती भाग पाहिले म्हणजे पुरे? एकच दृश्य पाहून दोघींचे शेरे वेगळे येतात, त्याचं काय करायचं? आणि तक्रार कुठे पाठवायची?

---

तिसरी_घंटा

तुमच्या मोजणीत चूक नाही, हत्यार चुकलंय. ॲलिसन बेकडेल यांच्या १९८५ च्या चित्रपट्टीतून आलेली ती कसोटी तीनच गोष्टी विचारते: दोन बायका आहेत का, त्या एकमेकींशी बोलतात का, आणि पुरुष सोडून दुसऱ्या कशाबद्दल बोलतात का. ज्या चित्रपटांत बाई औषधाला सापडत नाही तिथे ही कसोटी बोलकी ठरते. आपल्या मालिकेत सासू, सून, जाऊ, नणंद दिवसभर एकमेकींशीच बोलतात, आणि बोलतात ते तिजोरीच्या किल्ल्या, उपास, पाटल्या आणि नैवेद्याबद्दल. कसोटी पास व्हायला आणखी काय लागतं?

बातम्यांचं उलट आहे. जागतिक माध्यम निरीक्षण प्रकल्प १९९५ पासून दर पाच वर्षांनी एकाच दिवसाच्या बातम्या जगभर मोजतो. पहिल्या फेरीत बातमीत दिसणाऱ्या किंवा बोलणाऱ्या माणसांत बायका १७ टक्के होत्या, २०२० च्या फेरीत २५ टक्के. तिथे डोकी मोजणं बरोबर आहे, कारण तिथे बाईची हजेरीच कमी. मालिकेत हजेरी भरपूर आहे, अधिकार कमी. म्हणून अधिकार मोजा.

एकक 'दृश्य' धरा, अख्खा भाग नको. जागा किंवा वेळ बदलली की नवं दृश्य. एका भागात साधारण आठ ते बारा निघतात. प्रत्येक दृश्याला पाच रकाने: विषय कोणी काढला, बोललं कोण, निर्णय कोणाचा, तो निर्णय टिकला का, आणि त्याची किंमत कोणी मोजली. शेवटचे दोन रकाने लगेच भरता येत नाहीत, पुढचे भाग पाहून मागे येऊन भरावे लागतात. कंटाळवाणं काम आहे, पण खरा माल तिथेच सापडतो.

एक नमुना घ्या. सून चहाचा ट्रे घेऊन दिवाणखान्यात येते. सासू म्हणते, उद्यापासून ऑफिसला जायचं नाही, घरात पूजा आहे. सून म्हणते, उद्या माझं सादरीकरण आहे. नवरा मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणतो, "आई, तू म्हणशील तसं." सून ट्रे उचलून आत जाते. दृश्य दीड मिनिटाचं. बायका दोन, पुरुष एक. संवादांत बायकांचा वाटा मोठा. विषय काढणारी बाई, निर्णयही वरकरणी बाईचाच. आता शेवटचा रकाना भरा: किंमत कोणी मोजली? सुनेने. आणि निर्णय सासूच्या नावावर लिहिला तरी तो पक्का झाला कशाने? मुलाच्या एका वाक्याने. म्हणून 'निर्णय कोणाचा' याच्या पोटात 'शिक्का कोणाचा' असा उपरकाना ठेवा. घरातली सत्ता सासूच्या तोंडून बोलते आणि बाईच बाईची शत्रू असं चित्र तयार होतं, ते इथे पकडता येतं.

'निर्णय' या शब्दाची व्याख्या आधीच लिहून भिंतीवर लावा: पुढच्या दृश्यांत ज्यावर कृती होते, तोच निर्णय. "मी आता गप्प बसणार नाही" हा निर्णय नव्हे, तो प्रोमोचा संवाद आहे.

नोकरीचा रकाना वेगळा ठेवा. नायिका डॉक्टर आहे, वकील आहे, एवढं लिहून थांबू नका. कामाच्या जागी, कामाबद्दल बोलताना ती किती सेकंद दिसली ते घ्या. दवाखान्यातल्या दृश्यात ती स्टेथोस्कोप गळ्यात घालून नवऱ्याच्या फोनची वाट बघत असेल, तर ते सेकंद नोकरीत धरायचे नाहीत.

---

एडिट_टेबल

वरच्या तक्त्यात एक मोठी गळती आहे, कॅमेऱ्याची. संवाद उतरवून काढले तर निम्मी मालिका हातातून निसटते.

दैनंदिन मालिकेचा भाग जाहिराती वगळून साधारण २० ते २२ मिनिटांचा. गोरेगावची चित्रनगरी असो, मिरा रोड असो की घोडबंदर रोडचे बंगले, रोज भाग जायचा असतो आणि त्यासाठी रोज तेवढं फुटेज लागतं. ते भरून काढायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे रिॲक्शन. एक जण एक वाक्य बोलतो, मग हॉलमधल्या सहा चेहऱ्यांवर कॅमेरा जातो, एकेकावर दोनदा-तीनदा, खाली वाद्यांचा दणका. ना नवा सेट, ना नवा संवाद, आणि अर्धं मिनिट सहज भरतं. स्टॉपवॉच लावून 'पडद्यावरची वेळ' मोजली तर नायिका पहिली येणार, कारण सगळ्यात जास्त रिॲक्शन तिच्या. ती वेळ तिच्या सोसण्याची असते. तेव्हा दोन घड्याळं ठेवा: एक बोलती वेळ, एक नुसत्या चेहऱ्याची वेळ. दुसरीला पहिलीने भागा. मूक नायिकेचा आकडा तुमच्यासमोर येईल.

कॅमेरा कुठे थांबतो तेही टिपा. भांडणाचं दृश्य आहे, नवरा हात उगारतो, आणि क्लोजअप जातो मंगळसूत्रावर. दोन वाट्या आणि काळे मणी, पडदाभर. त्या क्षणी मारणारा हात चौकटीच्या बाहेर गेलेला असतो. मारहाण 'कोणी केली' हा प्रश्न 'संसार टिकेल का' या प्रश्नात विरघळतो, आणि त्यासाठी एकही शब्द लागत नाही. हिंसेच्या प्रत्येक दृश्यात चार गोष्टी लिहा: मारणारा चौकटीत होता का, संगीत कुठलं होतं, नंतर त्याला काही भोगावं लागलं का, माफी कोणी मागितली. नायकाने नायिकेचा पाठलाग केला आणि खाली बासरी वाजली, तर तो पाठलागच लिहायचा.

वेशभूषाही मोजता येते. खलनायिकेला बिनबाह्यांचं ब्लाउज, मोकळे किंवा कापलेले केस, गडद काजळ. नायिकेला काठपदराची साडी आणि ठसठशीत टिकली. हे जोडीने लिहा: पेहराव आणि पात्राची बाजू. पन्नास-साठ पात्रं झाली की संबंध डोळ्यांना दिसतो.

आता नमुन्याबद्दल. लागोपाठचे सहा भाग कधीही घेऊ नका. मालिका ट्रॅकवर, म्हणजे कथेच्या एकेका धाग्यावर चालते. एक ट्रॅक दोन-तीन आठवडे, त्यात अपहरण असेल तर सगळी दृश्यं अपहरणाचीच. रेटिंग दर गुरुवारी येतं आणि त्यावर पुढचा ट्रॅक वळतो. त्यामुळे रचलेला आठवडा घ्या: पहिल्या आठवड्यातला सोमवार, दुसऱ्यातला मंगळवार, असं करत सहाव्यातला शनिवार. सहा मालिका गुणिले सहा भाग, म्हणजे ३६ भाग, अंदाजे तेरा तासांचं फुटेज. थांबून, मागे जाऊन भरायला त्याच्या तिप्पट वेळ धरा. बारा जणांत सहज बसतं.

वटपौर्णिमा, मंगळागौर आणि गणपतीचे दिवस नमुन्यात पडले तर काढून टाकू नका, पण वेगळ्या रंगाने नोंदवा. वटपौर्णिमेच्या आठवड्यात झाडून सगळ्या नायिका वडाला दोरा गुंडाळतात. तो आठवडा तेवढा घेतला तर चित्र भडक येतं, टाळला तर फिकट.

आणि अहवालात सगळं खापर संवादलेखकाच्या माथी मारू नका. श्रेयनामावली नीट वाचा: कथा, पटकथा आणि संवाद ही तीन वेगळी नावं असतात. संवाद लिहिणाऱ्याच्या हातात येतं तेव्हा 'सून माफी मागते' हे वरून ठरलेलं असतं.

---

योगायोग_वजा

दोघींचे शेरे जुळत नाहीत म्हणून घाबरू नका, पण टक्केवारीवर विसंबूही नका. हिशेब बघा.

समजा १०० दृश्यं आहेत. 'अंतिम निर्णय स्त्रीचा' हा शेरा पहिलीने २० दृश्यांना दिला, दुसरीनेही २० ना. पण दोघींनी त्याच दृश्याला दिला असं १० वेळाच झालं. दोघींनी 'नाही' म्हटलेली ७०. एकमत ८० टक्के, छान वाटतं. आता योगायोगाने किती जुळलं असतं? ०.२ गुणिले ०.२ म्हणजे ०.०४, अधिक ०.८ गुणिले ०.८ म्हणजे ०.६४, एकूण ०.६८. प्रत्यक्ष ०.८० मधून ते वजा केलं की ०.१२ उरतं. जास्तीत जास्त उरू शकलं असतं १ वजा ०.६८, म्हणजे ०.३२. ०.१२ भागिले ०.३२ = ०.३७५. या आकड्याला 'कोहेनचा कॅपा' म्हणतात, म्हणजे योगायोग वजा करून उरलेलं एकमत, आणि इथे तो कमकुवत आहे. ८० टक्क्यांतलं बरंचसं एकमत 'नाही' हा शेरा जागोजागी पडतो म्हणून आलेलं होतं.

कॅपा ०.७ च्या पुढे जाईपर्यंत मुख्य काम सुरू करू नका. खाली असेल तर माणूस बदलू नका, व्याख्या बदला. दोघींना वेगवेगळं वाटलेली दृश्यं एकत्र पाहा आणि व्याख्येत एक ओळ वाढवा. मुख्य मोजणीतही पाचातला एक भाग दोघींनी, एकमेकींना न विचारता भरावा. तुमच्या ३६ मध्ये सात भाग पुरेत. गटात मुलगे असतील तर जोड्या अशा लावा की प्रत्येक मुलग्याचे काही भाग एखाद्या मुलीबरोबर येतील. कुठल्या रकान्यात फरक पडतो हेही अहवालात द्या.

---

वळचणीची_चिमणी

तक्त्याला माझी एक हरकत आहे, आणि ती गंभीर आहे. असे तक्ते भरताना स्वयंपाकघर म्हणजे मागास आणि ऑफिस म्हणजे पुढारलेलं असं आपसूक धरलं जातं. हे स्त्रीवाद नव्हे, हा मध्यमवर्गाचा चष्मा आहे. घरकाम दाखवणं हा दोष नाही. ते काम म्हणून दाखवलं जात नाही, हा दोष आहे. मालिकेतल्या स्वयंपाकघरात पुरणपोळ्यांची चळत तयार असते, पण पुरण वाटताना कोणी दिसत नाही. ओट्यावर भांडी नाहीत, बाईच्या कपाळावर घाम नाही. काम गायब आणि वाढणारा हात तेवढा उरलेला. तेव्हा 'जागा: स्वयंपाकघर' एवढं न लिहिता 'श्रम दिसले का, त्याची कोणी दखल घेतली का' असं लिहा.

दुसरं, बाई म्हणजे नायिका आणि खलनायिका एवढ्याच नव्हेत. घरकामाला येणाऱ्या मावशींचा रकाना आहे का तुमच्याकडे? त्यांना नाव आहे का, आडनाव आहे का, त्या बसतात कुठे, त्यांचं स्वतःचं घर एकदा तरी दिसतं का? मुंबईत अशा कितीतरी घरांचं रोजचं गाडं ज्या बायकांवर चालतं, त्या पडद्यावर चहा आणतात, चुगली करतात आणि निघून जातात.

आणि भाषा. कोणतं पात्र प्रमाण मराठी बोलतं आणि कोणतं मालवणी, आगरी, वऱ्हाडी, हे लिहाच. मग बोली बोलणाऱ्या बायकांच्या वाट्याला काय येतं ते बघा: विनोद, भांडण, की निर्णय? या शहराच्या मूळ रहिवासी कोळी-आगरी बायका बाजार चालवतात, मासळीचे लिलाव करतात, पैशाचा व्यवहार सांभाळतात. पडद्यावर त्यांच्या वाट्याला बहुतेक वेळा कमरेवर हात ठेवून ओरडणं येतं. स्त्री म्हणून एक रकाना आणि जात-वर्ग-बोली म्हणून दुसरा, असे सुटे ठेवलेत तर हे हरवेल. एकाच पात्राच्या ओळीत सगळं यायला हवं.

विनोदी कार्यक्रम घेणार असाल तर साडी नेसलेला पुरुष हाही शेरा ठेवा. आपल्याकडे बालगंधर्वांची परंपरा आहे. तिथे पुरुष स्त्रीचं पात्र मन लावून उभं करत होता, आणि घरंदाज बायका त्यांच्यासारखं नेसायला बघत. आताच्या प्रहसनात पुरुष साडी नेसून आला की त्याचं अंग हाच विनोद असतो. 'हसू कशावर' असा रकाना केलात की फरक लगेच कळेल.

---

कलम_सहा_सात

तक्रारीचं सांगते. आधी हे मनात पक्कं करा की तक्रार एका ठरावीक दृश्याची होते, प्रवृत्तीची होत नाही. '३६ भागांत असं दिसलं' हा अहवालाचा मजकूर. तक्रारीला वाहिनी, कार्यक्रम, तारीख, वेळ, दृश्याचं चार ओळींत वर्णन आणि नियमाचं कलम लागतं.

कलमं केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ मध्ये आहेत. कार्यक्रमांसाठी नियम ६, जाहिरातींसाठी नियम ७. नियम ६ स्त्रीच्या शरीराचं हीन किंवा अश्लील चित्रण रोखतो. सासुरवास त्यात बसवणं अवघड जातं. नियम ७ जास्त रोखठोक आहे: स्त्रीचे निष्क्रिय, आज्ञाधारक गुण ठळक करून तिला कुटुंबात आणि समाजात दुय्यम भूमिका घ्यायला उत्तेजन देणारी जाहिरात चालणार नाही, असं त्यात आहे. गंमत बघा, जे जाहिरातीला स्पष्ट मना आहे ते तिच्या आगेमागे मालिकेत बिनदिक्कत चालतं. म्हणून तुमचा जाहिरातींचा तक्ता कमी महत्त्वाचा समजू नका, तक्रारी तिथेच जास्त टिकतील.

मालिकेची तक्रार आधी थेट वाहिनीकडे, लेखी. २०२१ च्या दुरुस्तीनुसार पोच २४ तासांत आणि निर्णय १५ दिवसांत मिळायला हवा. नाही मिळाला किंवा पटला नाही तर पुढच्या १५ दिवसांत वाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेकडे अपील, आणि त्याच्याही वर केंद्र सरकार. पहिल्या पायरीवर ढिलाई झाली तर पुढचे दिवस निसटतात, तेव्हा पोच आली त्या दिवशीच वहीत तारीख टाका. वाहिनीला प्रसारणाची नोंद ९० दिवस ठेवावी लागते. तुमचा रचलेला आठवडाच दीड महिना चालणार आहे. अहवाल पूर्ण व्हायची वाट बघाल तर पहिल्या आठवड्यातलं दृश्य मुदतीच्या काठावर जाईल. आक्षेपार्ह दृश्य दिसलं की तक्रार त्याच आठवड्यात पाठवा.

जाहिरातींसाठी भारतीय जाहिरात मानक परिषद, म्हणजे ॲस्की. ती १९८५ पासून मुंबईत आहे, तक्रार तिच्या संकेतस्थळावर नोंदवता येते आणि त्यासाठी वकील लागत नाही. टीव्ही, होर्डिंग, छापील, समाजमाध्यमं, सगळं चालतं. लोकलच्या महिला डब्यातली पट्टीसुद्धा. जून २०२२ ची लिंगभावविषयक मार्गदर्शक तत्त्वं वाचून जा. बाई घर साफ करताना दाखवणं चालतं. पण ते काम नेहमी बाईचंच, दुसऱ्या कोणाचं कधीच नाही, असं सुचवणं चालत नाही. उत्पादनाशी संबंध नसताना शरीर विकायला ठेवणंही नाही. गोरेपणाच्या मलमांसाठी २०१४ पासून वेगळी तत्त्वं आहेत: त्वचेच्या रंगावरून कमी लेखायचं नाही, आणि 'आधी'च्या चित्रातली मुलगी उदास, खचलेली दाखवायची नाही. त्यामुळे 'आधी' आणि 'नंतर'च्या चौकटींचे फोटो शेजारी शेजारी जोडा.

स्त्रियांच्या असभ्य चित्रणाला बंदी करणारा १९८६ चा कायदा लोक लगेच पुढे करतात. तो फौजदारी आहे, पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजारांपर्यंत दंड. त्याची 'जाहिराती'ची व्याख्या सूचनापत्र आणि वेष्टनापासून प्रकाश, ध्वनी, धूर किंवा वायूने दाखवलेल्या दृश्यापर्यंत जाते. पण त्याचा भर 'असभ्य' या शब्दावर आहे. दुय्यम भूमिका, मारहाण, पाठलाग यांना तो उपयोगी नाही, आणि 'असभ्य' शब्दाचा आधार घेऊन बाईच्या कपड्यांवर बोट ठेवणारेही बरेच असतात. तुमच्या तक्रारीत 'संस्कृती', 'घरंदाज', 'शोभत नाही' हे शब्द येऊ देऊ नका.

---

महिला_कक्ष_दादर

फार उपयोग झाला. रकाने नव्याने आखतोय, मावशींचा आणि बोलीचा रकाना पात्राच्याच ओळीत घेतलाय. दोन शंका राहिल्या. जाहिरातींच्या तक्त्यात काय ठेवू? आणि तक्रारीला मोबाइलवर टिपलेला तुकडा जोडला तर चालेल का?

---

कलम_सहा_सात

समीक्षेसाठी छोटा उतारा वापरायला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये वाव आहे. पण अख्खा भाग जोडू नका आणि तुकडे समाजमाध्यमांवर टाकत सुटू नका. वीस-तीस सेकंद, सोबत प्रसारणाची तारीख-वेळ आणि संवाद शब्दशः उतरवलेले. पडद्याच्या कोपऱ्यातलं वाहिनीचं चिन्ह चौकटीत यायला हवं, ते कापलं गेलं की वाद सुरू होतो.

---

एडिट_टेबल

जाहिरातीला तीन प्रश्न पुरतात: वापरतं कोण, समजावतं कोण, पैसे कोण मोजतं. भांडी घासायचा साबण बाईच्या हातात, त्याचं विज्ञान सांगणारा पांढऱ्या कोटातला पुरुष, शेवटचा घोषणेचा आवाजही पुरुषाचा, हे एका ओळीत दिसेल. आवाजाचा रकाना विसरू नका, पडद्यावर न दिसणारा माणूस तिथेच सापडतो. लहान मुलं असतील तर मुलगा काय करतो आणि मुलगी काय करते, तेही. एकच जाहिरात एका संध्याकाळी सात-आठ वेळा लागते. आशयाचा शेरा एकदाच भरा आणि किती वेळा लागली तो आकडा शेजारी वेगळा ठेवा, नाहीतर एका साबणाने तुमचे सगळे टक्के खाल्ले म्हणून समजा.